लाइक करणाऱ्यांचेपण स्क्रीनशॉट घे

२०२५ चे गणपती होऊन दोन महिने उलटून गेले आणि मी हे तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, पण काही ना काही मधे येतं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीपण वाटत होती. कशाची ते पुढे येईलच.

आमच्या इथे (लंडनपासून तासाभरावरचं गाव, नाव मुद्दाम सांगत नाहीये) मराठी मंडळाचा गणपती असतो. सुरुवातीला दहाबारा कुटुंबं होती, आता साठसत्तर झालीत. यंदा पहिल्यांदाच हॉलपासून मागच्या कारपार्कपर्यंत ढोल-ताशा लावून मिरवणूक काढली. मिरवणूक कसली, दोनशे मीटर. कौन्सिलची परवानगी काढलेली, वेळ ठरवून दिलेली, चाळीस मिनिटांत सगळं आटपलं आणि नंतर पोरांनी झाडू घेऊन रस्त्यावरचा गुलाल गोळा केला कारण परवानगीच्या कागदात तशी अटच होती. त्याच संध्याकाळी आमच्या भागाच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि त्याखाली एका माणसाची कमेंट. शब्द जसेच्या तसे देत नाही, पण अर्थ असा की हा गोंगाट तुमच्या देशात जाऊन करा, इथे माणसं राहतात. खाली तेवीस लाइक.

राग आला का? आलाच ना. "इथे माणसं राहतात" हे तर फारच लागलं. मग आम्ही कोण, असं झालं.

रात्री साडेदहाला मैत्रिणीचा फोन. "अगं बघितलंस का? ही सरळसरळ हेट इन्सिडेंट आहे. पोलिसांच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, दहा मिनिटांचं काम आहे, तुझं इंग्लिश चांगलंय तर तू भर. आणि ऐक, लाइक करणाऱ्यांचेपण स्क्रीनशॉट घे."

मी हो म्हणाले. लॅपटॉप उघडला, फॉर्म उघडला, कमेंट चिकटवली, मग त्या तेवीस नावांची यादी उघडली आणि तिथे माझा हात थांबला. कारण मी बोईसरची आहे.

बोईसरचा आणि लाइकचा संबंध काय असं ज्यांना वाटतंय ते बहुतेक २०१२ मध्ये शाळेत असतील. आमच्यापासून दोन स्टेशनं पुढे पालघर, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले, १८ तारखेला रविवार, सगळं कडकडीत बंद. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात नि मरतात, त्यासाठी बंद कशाला, आणि लोक बंद पाळतायत ते आदरापोटी नाही, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दुसऱ्या दिवशी दोघींना अटक. लिहिणारीला आणि लाइक करणारीलासुद्धा. जिने लिहिलं तिच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. पंधरा-पंधरा हजारांच्या जामिनावर सुटल्या. नंतर देशभर बोंबाबोंब झाल्यावर पोलीस अधिकारी सस्पेंड झाले, मॅजिस्ट्रेटची बदली झाली, केस बंद झाली, ते सगळं झालंच. पण त्या आठवड्यात आमच्या घरी काय झालं ते सांगते. मी तेव्हा रोज शटलने विरार आणि पुढे लोकल करून अंधेरीला नोकरीला जायचे, पंचवीस-सव्वीसची होते, आणि आई एवढंच म्हणाली, "तुझं ते फेसबुक बंद कर." मी बंद नाही केलं. पण त्या रात्री बसून माझे जुने लाइक एकेक करून काढून टाकले. कशाकशाचे काढले आता आठवतपण नाही. कोर्टाच्या भाषेत याला चिलिंग इफेक्ट म्हणतात. आमच्याकडे त्याला "आई म्हणाली बंद कर" म्हणतात.

त्या मुलींना लावलेलं कलम होतं आयटी ॲक्टचं ६६अ. त्यात भयंकर आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोयीचं असं काहीही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. गैरसोयीचं! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे निम्मे लोक आत गेले असते. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याविरुद्ध याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम पूर्ण रद्द केलं, न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांच्या खंडपीठाने. त्या निकालात एक गंमत आहे जी मला इथे आल्यावर कळली. कोर्ट सांगतं की या कलमाचं मूळ ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिसच्या कायद्यात आहे. टेलिफोनवर घाणेरडं किंवा धमकीचं बोलणाऱ्यांसाठी केलेला नियम. तेच "ग्रॉसली ऑफेन्सिव्ह" वगैरे शब्द इथे पुढच्या पुढच्या कायद्यांत सरकत सरकत २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये कलम १२७ म्हणून बसले, आणि तिथून आपल्याकडे ६६अ मध्ये. म्हणजे पालघरच्या पोरींना जे लागलं त्याची आजी इंग्लंडची. नात भारतात वारली, आजी इथे अजून ठणठणीत आहे आणि मी तिच्याच गावात बसून फॉर्म भरत होते.

आता इथली गोष्ट नीट सांगते कारण भारतातल्या नातेवाईकांना हे समजावताना माझी दरवेळी दमछाक होते.

आपल्याकडे पोलीस स्टेशनला गेलं आणि मामला किरकोळ असला की हवालदार म्हणतो "एनसी घेतो". अदखलपात्र. वहीत नोंद होते, नंबर मिळतो, तपास होत नाही, पण तो निदान गुन्हा तरी असतो, कायद्यात कुठेतरी लिहिलेला. इथे एक प्रकार आहे (२०२५ मध्ये तरी) नॉन-क्राइम हेट इन्सिडेंट. नावातच लिहिलंय की हा गुन्हा नाही. तरी दखल घेणार, तुमचं नाव लिहिणार, जमलं तर फोन करणार किंवा घरी येणार. अदखलपात्र गुन्हा ऐकला होता, हा दखलपात्र न-गुन्हा आहे. वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल, ट्रान्स ओळख या पाचांपैकी कशाच्या तरी द्वेषातून कुणी काही केलं-बोललं असं ऐकणाऱ्याला वाटलं की झालं. अनेक वर्षं पुरावा वगैरे काही लागत नव्हता, तुम्हाला तसं वाटलं हेच पुरेसं. इतकंच काय, तुम्हाला वाटायलापण नको, शेजारून ऐकणाऱ्या तिसऱ्यालाच वाटलं तरी चालायचं.

हे वाचून हसू येतं, पण याची सुरुवात हसण्यासारखी नाहीये. २२ एप्रिल १९९३ ला लंडनच्या एल्थममध्ये बसस्टॉपवर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाचा असा काही विचका केला की दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. मधे १९९९ मध्ये मॅक्फर्सन अहवाल आला, त्याने सांगितलं की पोलीस दलच आतून वंशवादी आहे, आणि यापुढे एखादी घटना वंशवादी आहे की नाही हे ड्युटीवरच्या शिपायाने ठरवायचं नाही, ज्याच्यावर बेतलं त्याने सांगितलं की तशीच नोंद करायची. गुन्हा असो नसो. कारण खुनाच्या आधी शिव्या असतात, शिव्यांच्या आधी दारावर फेकलेली अंडी असतात, आणि ती अंडी कुणी लिहूनच ठेवत नव्हतं.

मला हे पटतं. नुसतं वाचून नाही, अनुभवाने पटतं.

इथे येऊन दोन वर्षं झाली होती, भाड्याचा फ्लॅट, आणि दारातून चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली चिठ्ठी वासाबद्दल. आता हे मी प्रामाणिकपणे मान्य करते की आदल्या दिवशी मी सुके बोंबील भाजले होते. आईने बॅगेत वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळून दिलेले, न भाजून करते काय. म्हणून पहिल्या चिठ्ठीला मी मनातल्या मनात सॉरी म्हणाले आणि एक्झॉस्ट फॅन साफ केला. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो, घरात चूलच पेटली नव्हती. तिसऱ्या चिठ्ठीत वास नव्हताच, आम्ही कुठे परत जावं ते होतं. नाव नाही, सही नाही. मी पोलिसांना कळवलं. एका बाईंचा फोन आला, अगदी शांत बोलल्या, म्हणाल्या यात आत्ता गुन्हा असा दिसत नाही, पण मी लिहून ठेवते, अजून आलं तर तारखेसकट ठेवा, फाडून टाकू नका. बस एवढंच. कुणाला पकडलं नाही, कुणाच्या घरी गेले नाहीत, चिठ्ठ्या आपोआप थांबल्या. पण त्या रात्री मला झोप लागली. कुठेतरी लिहिलेलं आहे एवढ्यानेच लागली. त्यामुळे हे सगळं नोंदी-फिंदी बंद करा, वेळेचा अपव्यय आहे असं टीव्हीवर कुणी तावातावाने बोलायला लागलं की मला ते बोंबील आठवतात आणि मी चॅनल बदलते.

पण मग वही फुगत गेली.

२०१४ मध्ये पोलिसांच्या प्रशिक्षण संस्थेने, कॉलेज ऑफ पोलिसिंगने, सगळ्यांसाठी मार्गदर्शक नियमावली काढली आणि तोवर माणसं फेसबुक-ट्विटरवर आलेली होती. दारातली चिठ्ठी टाकायला निदान जिना चढावा लागतो. कमेंटला काय लागतं. आणि तक्रारीलापण काय लागतं. २०१४ ते २०१९ या काळात ३४ पोलीस दलांनी मिळून जवळजवळ १ लाख २० हजार असे न-गुन्हे लिहून ठेवले. त्यातला माझा लाडका म्हणजे खुद्द गृहमंत्र्यांचा. ॲम्बर रड तेव्हा गृहमंत्री, २०१६ च्या पक्षाच्या अधिवेशनात परदेशी कामगारांबद्दल बोलल्या, ऑक्सफर्डच्या एका फिजिक्सच्या प्रोफेसरांनी तक्रार केली आणि वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी इमानदारीत नोंद केली. प्रोफेसर त्या भाषणाला हजरही नव्हते. म्हणजे ज्यांच्या खात्याखाली पोलीस, त्यांचंच नाव वहीत. एका अर्थी समानता म्हणायची!

मग हॅरी मिलर. हे स्वतः जुने पोलीस, राहणारे लिंकनशायरचे. ट्रान्स विषयावरच्या कायद्यात बदल होणार होते तेव्हा यांनी ट्विटरवर बरंच काही लिहिलं, काही स्वतःचं, काही दुसऱ्यांचं पुढे ढकललेलं. मला त्यातलं बरंचसं आवडलं नाही, काही तर निव्वळ खवचट होतं. एका व्यक्तीने तक्रार केली. जानेवारी २०१९ मध्ये हंबरसाइडचा पोलीस त्यांच्या कामाच्या ठिकाणी गेला, ते तिथे नव्हते, मग फोन केला. गुन्हा नाही म्हणाला, पण तुमचे विचार तपासायचेत म्हणाला. मिलर कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती ज्युलियन नोल्स यांनी पोलिसांना असं झापलंय की बस, ब्रिटनमध्ये कधी चेका, गेस्टापो, श्टाझी (रशिया-जर्मनीतले गुप्त पोलीस) नव्हते याची आठवण करून दिली. नियमावली मात्र तेव्हा टिकली. ती डिसेंबर २०२१ मध्ये अपील कोर्टात पडली, त्यांनी म्हटलं की जे अजिबात गुन्हा नाही ते बोलायलासुद्धा लोक घाबरतील अशी ही रचना आहे.

लोक म्हणतील नुसती नोंदच तर आहे, घाबरायचं काय. मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. बाराखडी आणि "माझी आई" निबंध, फार काही नाही. पण लहान मुलांबरोबर काम म्हणून मलापण डीबीएस (म्हणजे पूर्वेतिहास तपासल्याचं सर्टिफिकेट) काढावं लागलं, एन्हान्स्ड. त्यात शिक्षा झालेले गुन्हे तर येतातच, शिवाय पोलीस अधिकाऱ्याला महत्त्वाचं वाटलं तर गुन्हा नसलेली माहितीसुद्धा येऊ शकते. म्हणजे कुणीतरी दहा मिनिटांत भरलेला एक फॉर्म आणि मग तुमच्या शाळेच्या हेडबाईंच्या टेबलावर एक ओळ. येईलच असं नाही. येऊ शकते. या "येऊ शकते" मधेच सगळा खेळ आहे, पालघरला तरी दुसरं काय होतं.

२०२३ मध्ये सरकारने नवीन नियम आणले की क्षुल्लक, खोडसाळ तक्रारी लिहू नका आणि गंभीर नुकसानीचा खरा धोका असेल तरच माणसाचं नाव-गाव लिहा. कागदावर चांगलं आहे. तरी पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात बातमी आली की नऊ वर्षांच्या एका मुलाची अशी नोंद झालीय, शाळेतल्या मुलाला मतिमंद म्हणाला म्हणून, आणि माध्यमिक शाळेतल्या दोन मुलींची, एका मुलीच्या अंगाला माशाचा वास येतो म्हणाल्या म्हणून.

माशाचा वास! मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला तुझीच केस की ही. हसलो दोघं. मग मला वाटलं की माझ्या लेकीला शाळेत कुणी असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं. बाईंना भेटले असते, त्या मुलींच्या आयांना भेटले असते, जमलं तर एखादीला घरी बोलावून कोलंबीचं कालवण खायला घातलं असतं, नसतं जमलं तर चारचौघांत भांडले असते. पोलीस डोक्यातच आले नसते. शाळेतल्या मुली आहेत त्या, त्यांना समज द्यायला शाळा असते ना.

एप्रिल २०२४ ची स्कॉटलंडची मजा आठवते का? नवा हेट क्राइम कायदा १ एप्रिललाच लागू केला, तारीख कुणी निवडली देव जाणे. पहिल्या आठवड्यात सात हजारांवर ऑनलाइन तक्रारी आल्या, त्यातून द्वेषाचे गुन्हे म्हणून नोंदले गेले २४०. बाकीच्यांतल्या बऱ्याच कुणावर केल्या तर जे. के. रोलिंग या लेखिकेवर, मंत्र्यांवर. फॉर्म म्हणजे कॅरमची सोंगटी झाली, उचलली की मार.

आणि यंदाचं तर ऐन गणपतीतलं. १ सप्टेंबर २०२५ ला ग्रॅहम लिनेहन नावाचे आयरिश विनोदी लेखक अमेरिकेहून हीथ्रोला उतरले आणि पाच सशस्त्र पोलिसांनी त्यांना ट्वीट्ससाठी अटक केली. आमच्याकडे त्या दिवशी गौरीजेवण, पुरणपोळ्या लाटता लाटता किचनमधे हीच चर्चा. या देशात साधा शिपाई बंदूक ठेवत नाही, विमानतळावरचे ठेवतात म्हणून ते गेले म्हणे, पण दिसायला कसं दिसलं. त्यांचं एक ट्वीट मारामारीची भाषा करणारं होतं आणि मला ते बेजबाबदार वाटलं, तरी पाच बंदूकधारी? ऑक्टोबरमध्ये ते प्रकरण बंद झालं आणि त्याच दिवशी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही न-गुन्ह्यांचा तपास करणार नाही, फक्त माहिती म्हणून नोंद ठेवू. म्हणजे थोडक्यात माझ्या चिठ्ठीवाल्या बाई जे करत होत्या ते. एवढी वर्षं, एवढी कोर्टं फिरून गाडी पुन्हा त्या बाईंच्या वहीपाशी.

इथे दोन गोष्टी लोक एकत्र कालवतात ते मला खटकतं. न-गुन्हा वेगळा आणि कलम १२७ किंवा १९८८ चा मॅलिशस कम्युनिकेशन्स ॲक्ट लावून अटक वेगळी. लंडनच्या टाइम्सने पोलीस दलांकडून आकडे मागवले तेव्हा २०२३ या एका वर्षात या दोन कलमांखाली १२ हजारांहून जास्त अटका निघाल्या, दिवसाला तीसच्या वर. भारतातले व्हॉट्सॲपवीर लगेच "बघा लोकशाही" म्हणून हे फिरवतात, पण त्यात बायकोला रात्रंदिवस धमक्या पाठवणारे नवरेपण आहेत, पाठलाग करणारेपण आहेत, सगळे काही मतं मांडणारे नाहीत. आणि अशाच अटकांत लंडनजवळच्या बोरहॅमवुडचं एक जोडपंही बसतं: लेकीच्या शाळेबद्दल पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कडक बोलले, शाळेला बरेच ईमेल केले म्हणून २०२५ च्या जानेवारीत सहा पोलीस दारात, अकरा तास कोठडी, पाच आठवड्यांनी "काही नाही, जा". पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप! तिथे कोण गोड बोलतं?

आता दुसरी बाजूपण सांगते नाहीतर मैत्रीण म्हणेल सोयीचं तेवढं लिहिलंस.

२०२२ मध्ये लेस्टरला काय झालं ते इथल्या सगळ्या भारतीयांना माहितीय. ऑगस्टच्या शेवटी भारत-पाकिस्तानची मॅच, मग हाणामाऱ्या, आणि मग एका मुलीला पळवायचा प्रयत्न झाला अशी पोस्ट फिरली. पोलिसांनी तपासून सांगितलं की असं काही घडलेलंच नाही. पण तोवर पोरं रस्त्यावर उतरली होती. २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुली मारल्या गेल्या, कुणीतरी मारेकऱ्याचं खोटंच नाव सोडून दिलं, तो बोटीतून आलेला निर्वासित आहे म्हणून, आणि आठवडाभर गावोगाव दंगली. निर्वासित ठेवलेल्या हॉटेलांना आगी लावायला गेले लोक, आतमधे माणसं असताना. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात ईमेल आला की ज्यांना वाटेल त्यांनी उजेडात घरी जा. "ज्यांना वाटेल" म्हणजे कुणाला हे ईमेलमधे लिहिलं नव्हतं. मी उजेडात गेले. त्याच सुमाराला एका बाईने ट्विटरवर हॉटेलं पेटवा अशा अर्थाचं लिहिलं, तिने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ३१ महिन्यांची शिक्षा झाली. त्यावरून आमच्या घरी अजून भांडण होतं. नवरा म्हणतो एका ट्वीटला एकतीस महिने म्हणजे अती झालं, आणि मी म्हणते अती झालं असेल पण मी त्या दिवशी उजेडात घरी गेले होते.

आपल्या सुप्रीम कोर्टाने ६६अ च्या निकालात हे फार छान सोडवलंय असं मला वाटतं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या गोष्टीची बाजू कितीही नावडती असली तरी ती मांडणं वेगळं, आणि चिथावणी वेगळी. चिथावणीपाशी आलात की कायदा आत येतो, त्याआधी नाही. हॉटेल पेटवा ही चिथावणी. तुमच्या देशात जाऊन ढोल वाजवा हे... हे काय आहे? हे माझ्या मते आहे आगाऊपणा. इथल्या एका न्यायमूर्तींनी १९९९ मध्ये, सेडली त्यांचं नाव, वेकफिल्डच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर प्रवचन देणाऱ्या बायकांच्या खटल्यात लिहिलंय की कुणालाच न खुपणारं बोलण्यापुरतंच स्वातंत्र्य असेल तर त्याला काही अर्थ नाही. प्रवचन देणाऱ्यांना जे मिळालं ते गोंगाटाला वैतागलेल्यालापण मिळायला हवं, मग तो कितीही आगाऊ असो. (बाय द वे, आपल्याकडे ६६अ रद्द झालं म्हणून खूश होऊ नका, २०२१ मध्ये कोर्टातच उघड झालं की पोलीस त्या मेलेल्या कलमाखाली अजून केसेस घालतायत. कोर्टाला धक्का बसला. मला नाही बसला.)

तर त्या रात्री. मी फॉर्म नाही भरला. मैत्रिणीला मेसेज केला की कमेंट वाईट आहे पण पोलिसांचं काम नाहीये, आणि लाइक करणाऱ्यांची नावं तर मी मरेन पण देणार नाही. तिचं उत्तर आलं की तुझ्या दारात चिठ्ठ्या आल्या तेव्हा तू गेलीस ना पोलिसांकडे, आता मंडळाच्या वेळी तुला तत्त्वं आठवतात. हे अर्धं बरोबर आहे, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं की तेव्हा दार माझं होतं, तीनदा आलेलं, आणि कोण ते माहीत नव्हतं, इथे माणूस नावासकट समोर आहे, त्याला उत्तर देता येतं. ती म्हणाली दे मग उत्तर. नंतर तिने स्वतःच भरला फॉर्म. पुढे काय झालं तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि दिवाळीच्या फराळाला एकमेकींना "घे ना चकली" एवढंच बोललो.

उत्तर मात्र मी दिलं. अख्खी संध्याकाळ घालवून, तीनदा खोडून, इंग्लिशमधे. की परवानगी होती, चाळीस मिनिटं होती, गुलाल आम्ही झाडला, ढोल खरंच मोठा वाजतो हे मान्य, पुढच्या वर्षी आधी गल्लीत पत्रकं वाटू, आणि माणसं राहतात म्हणालात तर हो, आम्हीपण इथेच राहतो, बारा वर्षं, सतरा नंबरमधे. नंबर लिहू नको म्हणून नवरा मागे उभा राहून ओरडत होता. लिहिला. त्या तेवीस नावांत एक नाव मी ओळखलं होतं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. समोरच्या घरातल्या आजी, आम्ही नसताना आमची पार्सलं घेऊन ठेवतात त्या. आता त्यांनी पूर्ण वाचून लाइक केलं, की व्हिडिओ आवडला म्हणून चुकून खाली बोट लागलं, काय माहीत. विचारायला तोंड होत नाही. परवापण पार्सल घेतलं त्यांनी, मी थँक्यू म्हणाले.

माझ्या उत्तराला त्या माणसाने काहीतरी लिहायला सुरुवात केली असावी, कारण दोनतीन जण "शांत व्हा" म्हणायला लागले होते, पण सकाळी बघते तर ॲडमिनने अख्खी पोस्टच उडवली. त्याची कमेंट गेली, तेवीस लाइक गेले, व्हिडिओ गेला आणि माझं उत्तरपण गेलं. कॉपी ठेवायचं डोक्यातच आलं नाही. स्क्रीनशॉट घे घे म्हणत होती ती, स्वतःच्या लिहिण्याचा तेवढा घेतला नाही मी.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गेलं ना? बरं झालं गेलं. आता परत कुठे काही लिहू नकोस." बरं म्हटलं. या ब्लॉगची लिंक तिला कुणी पाठवू नका.